वायूंचे समस्थानिक वेगळे कसे केले : मातीच्या पाइपापासून ओक रिजपर्यंत

वायुवेडा

समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, वेगळे करण्याचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चाळणी उभी राहते. बारीक भोकांचा पडदा. हलका अणू पलीकडे गेला, जड अलीकडे अडकला. परवा दुसऱ्या एका धाग्यावर हेच वाचलं आणि तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

हे चित्र डोक्यातून गेल्याशिवाय पुढचं काहीच नीट लागत नाही. निऑन-२० आणि निऑन-२२ घ्या. अणूचा आकार इलेक्ट्रॉनांमुळे ठरतो आणि ते दोघांतही दहाच. फरक आहे तो केंद्रकातल्या दोन न्यूट्रॉनांचा. ज्या भोकातून एक जाईल त्यातून दुसराही आरामात जाणार. शिवाय ज्या सच्छिद्र मातीतून हे प्रयोग झाले तिची छिद्रं अणूपेक्षा कितीतरी पट मोठी होती.

मग वेगळे होतात कशाने? वेगाने. तापमान एकच असेल तर दोघांची सरासरी गतिज ऊर्जा सारखी, त्यामुळे हलका अणू थोडा जोरात धावतो. खोलीच्या तापमानाला निऑन-२० चा सरासरी वेग सेकंदाला साधारण ५६४ मीटर, निऑन-२२ चा ५३७. जो जास्त वेगात आहे तो भिंतीवर जास्त वेळा आपटतो, आणि त्या भिंतीत छिद्र असेल तर ते त्याला जास्त वेळा सापडतं. किती जास्त? २२ भागिले २० चं वर्गमूळ, म्हणजे १.०४९. दोन्ही अणू समसमान असतील तर जड शंभर बाहेर पडेपर्यंत हलके एकशेपाच बाहेर पडलेले असतात. सगळं भांडवल एवढंच.

अट एक आहे. छिद्र इतकं अरुंद हवं, किंवा वायूचा दाब इतका कमी हवा, की अणू एकमेकांवर आपटण्याआधी छिद्राच्या भिंतीवर आपटेल. छिद्र त्याहून रुंद झालं की वायू झुंडीने वाहू लागतो. झुंडीत हलका-जड असा भेद राहत नाही, आणि वेगळं होणं तिथेच संपतं.

या नियमाला ज्याचं नाव आहे तो थॉमस ग्रॅहम. १८३० च्या आसपास त्याने प्लास्टर ऑफ पॅरिसचं बूच बसवलेल्या नळ्यांतून वायू झिरपू दिले आणि मोजले. पुढे तंबाखूच्या मातीच्या पाइपाची दांडी वापरून त्याने वायूंची मिश्रणं थोडीफार वेगळीही केली. न भाजलेली किंवा कच्ची नव्हे, तर भाजलेली पण चकाकी न दिलेली पांढरी माती: तिच्यातून वायू जातो, आणि सावकाश जातो. तेव्हाच्या इंग्लंडात असे पाइप कुठल्याही दुकानात मिळत असणार, त्यामुळे पुढची पन्नास-साठ वर्षं प्रयोगशाळेत हीच वस्तू पुन्हा पुन्हा दिसते. रॅले आणि रॅम्झी हे शास्त्रज्ञ आर्गॉनच्या, म्हणजे हवेतल्या तेव्हा अनोळखी असलेल्या वायूच्या, मागे होते तेव्हा त्यांनीही लांब दांड्याचे पाइप एकापुढे एक जोडले, भोवतीच्या नळीतली हवा काढून टाकली आणि दांड्यांमधून हवा सावकाश ओढली. नायट्रोजन भिंतीतून जास्त निसटला. दुसऱ्या टोकाला मिळालेल्या हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून जो ‘नायट्रोजन’ उरला तो साध्या हवेतून मिळणाऱ्या ‘नायट्रोजन’पेक्षा जड भरला. शुद्ध वायू असा वागणार नाही. म्हणजे त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं होतं. आर्गॉनच्या बाजूचा हा एक भक्कम पुरावा.

आता १९१३, केंब्रिज. जे. जे. टॉमसन यांच्या धनकिरणांच्या (धनभारित कणांच्या झोतांच्या) फोटोप्लेटवर निऑनच्या जागी दोन वक्र रेषा उमटत होत्या: ठळक २० ची, फिकट २२ ची. ही दुसरी रेषा एखाद्या संयुगाची की खरोखर दुसऱ्या निऑनची? फ्रान्सिस ॲस्टनने ठरवलं, दोन निऑन असतील तर ते पाइपाच्या मातीतून वेगळे होतील. त्याने निऑन घेतला, मातीतून थोडा झिरपू दिला, झिरपलेला एका बाजूला, उरलेला दुसऱ्या बाजूला, मग प्रत्येक भागाचे पुन्हा भाग, आणि सारख्या घनतेचे भाग पुन्हा एकत्र. हे किती वेळा केलं याला गणती नाही.

मला या गोष्टीत सगळ्यात आवडतो तो त्याचा तराजू. निऑन दुर्मीळ, हातात येणारा भाग जेमतेम. म्हणून त्याने क्वार्ट्झचा इवलासा तराजू बनवला आणि तो बंद भांड्यात बसवला. दांडीच्या एका टोकाला पोकळ, बंद क्वार्ट्झचा गोळा. दुसऱ्या टोकाला भरीव वजन. भांड्यात वायू सोडला की पोकळ गोळ्याला तो वर उचलतो, आणि दाब वाढवावा तसा जास्त उचलतो. दांडी नेमकी समतोल होते तो दाब वाचायचा. मग भांडं रिकामं करून ऑक्सिजन भरायचा आणि त्याचा दाब वाचायचा. दोन दाबांच्या गुणोत्तरातून निऑनची घनता हाती. एकेका मापाला अर्धा घन सेंटीमीटर वायू पुरे.

शेवटी दोन टोकांचे जे भाग मिळाले त्यांचे अणुभार आले २०.१५ आणि २०.२८. फरक ०.१३ चा. आकडा किरकोळ वाटेल, पण त्याचा अर्थ असा की एका भागात निऑन-२२ साधारण ८ टक्के होता आणि दुसऱ्यात १४ टक्के. रासायनिकदृष्ट्या एकच असलेलं मूलद्रव्य दोन घनतांचं झालं होतं, आणि तेही ‘समस्थानिक’ ही कल्पना सॉडीने नुकतीच मांडली होती त्या वर्षी.

तरीही ॲस्टन शुद्ध निऑन-२२ च्या जवळपासही पोहोचला नाही. का, हे रॅलेने १८९६ मध्येच कागदावर मांडून ठेवलं होतं. समजा एक लिटर निऑन सच्छिद्र भांड्यात भरला आणि झिरपेल तो सोडून दिला. आत उरलेल्यात जड अणूंचं प्रमाण वाढत जाईल. ते नुसतं दुप्पट व्हायला किती वायू गमवावा लागेल? हलक्या निऑनचा सुमारे तीस लाखावा हिस्सा उरेपर्यंत थांबावं लागतं. एक लिटरचा उरतो घन मिलिमीटरचा तिसरा भाग. आणि एवढं गमावून निऑन-२२ जातो ९ टक्क्यांवरून १७ च्या आसपास!

म्हणून माझं ठाम मत असं की या विषयातला खरा शोध सच्छिद्र पडद्याचा नाहीच. अर्धवट वेगळा झालेला वायू फेकायचा नाही, मागच्या टप्प्यात परत पाठवायचा, हा आहे. तो प्रत्यक्षात आणला गुस्ताव्ह हर्ट्झने, १९३२ मध्ये, बर्लिनमध्ये. सच्छिद्र मातीच्या नळ्या आणि पाऱ्याचे पंप असे टप्पे त्याने एकाला एक जोडले. प्रत्येक टप्प्यातून झिरपलेला हलका भाग पुढे, न झिरपलेला जड भाग मागे. यंत्र बंद, आतला निऑन तोच. कुठेही काही वाया जात नाही. गोल गोल फिरत राहतो आणि एका टोकाला हलका, दुसऱ्या टोकाला जड साठत जातो. लगेच पुढच्या वर्षी त्याने याच पद्धतीने जड हायड्रोजन इतका शुद्ध मिळवला की वर्णपटात साध्या हायड्रोजनच्या रेषा दिसेनात.

उष्णतेने होणाऱ्या विसरणाबद्दल, म्हणजे क्लूसियस आणि डिकेलच्या नळीबद्दल, कुणी विचारलं तर खाली लिहीन. इथे लांबण नको.

---

प्रयोगवही

फार सुंदर लिहिलंय. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे एक रोजची अडचण विचारते. लांब काचेच्या नळीच्या एका टोकाला अमोनियाच्या द्रावणात बुडवलेला कापसाचा बोळा, दुसऱ्या टोकाला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा. दोन्ही बुचं एकदम लावायची. काही मिनिटांनी नळीत पांढरं कडं धरतं, ते आम्लाच्या टोकाला जवळ. मुलं खूश होतात. मग पट्टी लावून अंतरं मोजतात आणि सूत्र काढतात: ३६.५ भागिले १७ चं वर्गमूळ, १.४६. आणि ते कधीच येत नाही. नेहमी कमी येतं. मुलं म्हणतात, मॅडम, आपलं चुकलं. मी आजवर “हवेचा अडथळा” एवढंच सांगत आले. नीट कारण काय सांगावं?

वायुवेडा

ताई, मुलांचं मोजमाप बरोबर आहे, सूत्र तिथे लागू नाही. १.४६ हे उत्तर छिद्रातून निर्वातात निसटणाऱ्या वायूसाठी आहे. तुमच्या नळीत अमोनियाचा रेणू वाटेत सतत हवेच्या रेणूंवर आपटतोय, आणि त्या टकरींत हवेचं वस्तुमानही हिशोबात येतं. एकट्या १७ ऐवजी १/१७ + १/२९ यांचं वर्गमूळ घ्या, तसंच आम्लासाठी १/३६.५ + १/२९ यांचं. गुणोत्तर येतं साधारण १.२३. रेणूंच्या आकाराचा परिणाम वेगळा, शिवाय दोन्ही बोळ्यांतून वायू किती जोमाने सुटतो यावरही कडं सरकतं, त्यामुळे नेमकं १.२३ येईलच असं नाही. पण १.४६ पेक्षा कमी का, हे वर्गात याने पटेल.

मातीचा पाइप का लागतो तेही इथेच कळतं. अणूने हवेवर किंवा दुसऱ्या अणूवर न आपटता भिंतीवर आपटावं, म्हणून अरुंद छिद्रं.

प्रयोगवही

हे उद्याच फळ्यावर. मनापासून धन्यवाद.

अलिबागकर

वाचतोय. आमच्या इथे थळला जड पाण्याचा प्रकल्प आहे, आरसीएफच्या खत कारखान्याला लागून. लहानपणापासून ऐकत आलोय की तिथे ‘जड हायड्रोजन वेगळा करतात’. मग तिथे पण हे झिरपवणंच चालतं का? हायड्रोजनमध्ये तर वस्तुमान दुप्पट, म्हणजे वर्गमुळाचा फायदा भरपूर असणार.

वायुवेडा

अलिबागकर, फायदा भरपूर आहे हे खरं. साधा हायड्रोजन रेणू २ चा आणि एक जड अणू असलेला ३ चा. दीडचं वर्गमूळ १.२२. निऑनच्या मानाने चैनच. तरी थळला झिरपवत नाहीत. तिथे अमोनिया आणि हायड्रोजन यांच्यातली अदलाबदल वापरतात. खत कारखान्याचा संश्लेषण वायू (अमोनिया बनवायचं नायट्रोजन-हायड्रोजनचं मिश्रण) शेजारीच मिळतो, त्यातल्या हायड्रोजनमध्ये ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, अगदी किंचित असतो, साधारण सात हजार अणूंमागे एक. हा वायू द्रवरूप अमोनियाशी पोटॅशियम अमाइड या उत्प्रेरकाच्या साथीने भिडवला की ड्यूटेरियम अमोनियाकडे जास्त झुकतो, आणि तेही तिपटीहून जास्त. एका टप्प्यात तीनपट मिळत असताना १.२२ साठी पडदे आणि पंप कोण लावणार?

हायड्रोजनमध्ये वस्तुमानाचा फरक इतका मोठा की त्याने रासायनिक वागणंसुद्धा बदलतं. मूलद्रव्य जड होत जातं तशी ही चैन संपते. निऑनला तर रसायनशास्त्रच नाही, कुणाशी संयोग पावत नाही तो. तिथे वेग हाच एक धागा हातात राहतो.

नॉक्सव्हिलकर

आम्ही अमेरिकेत टेनेसीत राहतो, ओक रिज गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. घरी पाहुणे आले की तिथे घेऊन जाणं ठरलेलं, म्हणून के-२५ बद्दल लिहितो.

के-२५ म्हणजे अणुबॉम्बच्या युरेनियमसाठी वायूच्या विसरणाची, म्हणजे याच झिरपवण्याची, पद्धत वापरणारी पहिली प्रचंड इमारत. १९४३ ला काम सुरू, १९४५ ला चालू. इंग्रजी ‘यू’च्या आकाराची, एकेक भुजा अर्धा मैल लांब, चार मजली, ४४ एकरांवर पसरलेली. त्या वेळी एका छपराखालची जगातली सगळ्यात मोठी इमारत. आत माणसं सायकलवरून फिरत. हजारो लोक कामाला, आणि बहुतेकांना आपण काय बनवतोय याचा पत्ता नाही. आता इमारत उरलेली नाही, पाडकाम २०१३ मध्ये संपलं. शेजारी २०२० मध्ये छोटं संग्रहालय उघडलं. तिथून तो मोकळा ‘यू’ पाहिला की कुठलंही छायाचित्र सांगू शकत नाही ते समजतं: हा पसारा शहराएवढा होता.

पसारा का लागला तेही वायुवेडा यांच्याच हिशोबातून येतं. युरेनियमचा वायू करायचा तर युरेनियम हेक्झाफ्लोराइड. युरेनियम-२३८ चा जड रेणू ३५२ चा, युरेनियम-२३५ चा हलका ३४९ चा. भागाकाराचं वर्गमूळ १.००४३. निऑनला शंभराला पाच जास्त मिळतात, इथे हजाराला चार. म्हणून टप्पे हजारोंनी.

नशीब एकाच बाबतीत चांगलं होतं, निसर्गात फ्लोरिनचा समस्थानिक एकच आहे. दोन असते तर रेणूचं वजन फ्लोरिनमुळेही कमी-जास्त झालं असतं आणि सगळा घोळ झाला असता. पण हा वायू भलताच खाऊ. ओलावा, वंगण, बहुतेक धातू, काहीही चालत नाही. निकेल टिकतं. पडदा बनवणं हेच या प्रकल्पाचं सगळ्यात मोठं दुखणं होतं. इमारत उभी राहत होती आणि मनाजोगता पडदा अजून तयार नव्हता.

आणि एक आठवण, कारण धागा चाळणीवरून सुरू झालाय. ऑक्सफर्डला फ्रान्सिस सायमन यांनी १९४० मध्ये ही पद्धत शक्य आहे का याचा अभ्यास केला. छिद्रं बारीक कशी करता येतील हे बघायला त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातली तारेची गाळणी हातोडीने ठोकून चपटी केली, अशी गोष्ट सांगतात.

गणिती

नॉक्सव्हिलकर, छान माहिती. पण मी वायुवेडा यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. परत पाठवण्याची कल्पना हर्ट्झची, मान्य. पण ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात हेच त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय, वरून द्रव खाली, खालून वाफ वर. हर्ट्झने ते वायूला लावलं. माझ्या मते अवघड काम पडद्याचं होतं आणि ते के-२५ वाल्यांनी केलं.

बाकी टप्प्यांचा हिशोब मी मांडून पाहिला. निऑन-२२ चं निऑन-२० शी गुणोत्तर आज ०.१०२. ९० टक्के निऑन-२२ हवा तर हे गुणोत्तर ९ व्हायला हवं, म्हणजे ८८ पट. १.०४९ चा कितवा घात ८८ होतो? चौऱ्याण्णवावा. निऑन-२१ सोडून देतोय, तो अगदी कमी आहे. म्हणजे सगळं आदर्श धरून ९४ टप्पे. बरोबर?

वायुवेडा

गणिती, हिशोब बरोबर, आणि तो किमान आकडा आहे. प्रत्येक टप्प्यात वायूचा चांगला निम्मा भाग झिरपू दिला की त्या टप्प्याचा फायदा १.०४९ पेक्षा कमी होतो, कारण शेवटी शेवटी झिरपणारा वायू आधीच हलक्या अणूंना मुकलेला असतो. थेंबभरच झिरपू दिला तर फायदा पूर्ण, पण मग काम संपतच नाही. या ओढाताणीतून कॅस्केडचा, म्हणजे टप्प्यांच्या साखळीचा, आकार ठरतो: वायू जिथे आत येतो तिथे टप्पे सगळ्यात मोठे, टोकांकडे लहान लहान होत गेलेले.

ऊर्ध्वपातनाचा मुद्दा रास्त आहे. पण माझं मत बदलत नाही. मनोऱ्यात द्रव आपल्या वजनाने खाली येतो आणि वाफ आपोआप वर जाते, परत पाठवायला काही करावं लागत नाही. इथे प्रत्येक टप्प्यात पंप लागतो, पंप गळता कामा नये, आणि सगळे टप्पे एकमेकांच्या दाबावर तोलले जायला हवेत. एक बिघडला की शेजारचे ढळतात. हर्ट्झने हे काचेत, मातीत आणि पाऱ्यात चालवून दाखवलं नसतं तर के-२५ ची इमारत उभारण्याचं धाडस कुणी केलं असतं असं मला वाटत नाही.

हर्ट्झचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याच्या नावावर होतं. तरीही नाझी राजवटीत ज्यू आजोबांमुळे त्याला बर्लिनचं प्राध्यापकपद सोडावं लागलं. तो सीमेन्समध्ये गेला. १९४५ नंतर सोव्हिएत संघात, काळ्या समुद्राकाठी सुखुमीजवळ, जर्मन शास्त्रज्ञांच्या एका गटाचा प्रमुख म्हणून, आणि तिथे पुन्हा हेच काम. निऑनच्या दोन रेषा वेगळ्या करायला बांधलेलं यंत्र अशा रीतीने दोन्ही महासत्तांच्या बॉम्बपर्यंत पोहोचलं. मला ते वाचताना दरवेळी वाईट वाटतं.

दर्यावर्दी

प्रश्न: मग आज हे कारखाने कुठे आहेत? सेंट्रिफ्यूज सेंट्रिफ्यूज असंच ऐकू येतं.

नॉक्सव्हिलकर

बंद झाले. अमेरिकेतला शेवटचा, केंटकीतल्या पडूकाचा, २०१३ मध्ये. फ्रान्समधला त्रिकास्तांचा २०१२ मध्ये. कारण वीज. प्रत्येक टप्प्यात वायू झिरपला की त्याचा दाब पडतो, तो पुन्हा दाबायचा, आणि दाबल्यावर तापला म्हणून थंड करायचा. हजारो वेळा. त्रिकास्तांचा कारखाना पूर्ण क्षमतेने चाले तेव्हा शेजारच्या चार अणुभट्ट्यांपैकी तिघींची वीज तो एकटा खाई.

वायुवेडा

त्यात भर: विसरणात फायदा वस्तुमानांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर असतो, त्यामुळे जड रेणूला तो आटत जातो. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वायू प्रचंड वेगाने गरगर फिरवणाऱ्या नळकांड्यात, तो वस्तुमानांच्या फरकावर असतो. ३५२ वजा ३४९ म्हणजे तीन, आणि हे तीन रेणू कितीही जड झाला तरी तीनच. वीज कित्येक पटींनी कमी लागते.

माळरान

क्लूसियसची नळी राहिली! मी वाट बघतेय.

वायुवेडा

माळरानताई, घ्या.

दोन वायूंचं मिश्रण एका बाजूने तापवलं आणि दुसऱ्या बाजूने थंड ठेवलं तर ते थोडं वेगळं होतं. सहसा जड रेणू थंड बाजूला सरकतो. हे आधी कागदावर सापडलं, नंतर प्रयोगात. स्वीडनमध्ये एन्स्कोग आणि इंग्लंडमध्ये चॅपमन यांनी १९११ ते १९१७ दरम्यान स्वतंत्रपणे गणितातून काढलं, आणि चॅपमन व डूटसन यांनी १९१७ मध्ये करून पाहिलं. रेणूंना नुसते कठीण गोळे धरून ढोबळ विचार केला तर हे सुचतही नाही. रेणू एकमेकांना अंतराच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात ढकलत असतील तर हा परिणाम चक्क शून्य होतो, आणि मॅक्सवेलने गणित सोपं व्हावं म्हणून नेमका तोच नियम घेतला होता. बहुधा म्हणूनच ते इतकी वर्षं कुणाच्या नजरेत आलं नाही.

परिणाम फारच बारीक. म्युनिकचे क्लाउस क्लूसियस आणि गेरहार्ड डिकेल यांनी १९३८ मध्ये काय केलं, तर काचेची लांब नळी उभी केली, मधोमध वरून खाली तार ताणली, तार विजेने तापवली आणि नळीला बाहेरून पाण्याने थंड ठेवलं. आता तारेजवळचा गरम वायू वर चढतो आणि भिंतीजवळचा थंड वायू खाली उतरतो. भिंतीजवळ जड रेणू जरासे जास्त, म्हणून खाली उतरणारा प्रवाह जड रेणू घेऊन जातो. तारेजवळ हलके जास्त, ते वर. नळीच्या प्रत्येक वीतभर उंचीवर हेच घडतंय, आणि वरचा वायू खाली, खालचा वर येत राहतो. हर्ट्झला परत पाठवायला पंप लागले, इथे ते काम गरम-थंड वायू स्वतःच करतो. हलणारा एकही भाग नाही.

अशा नळ्या एकीला एक जोडून एकूण ३६ मीटर उंची केली आणि १९३९ मध्ये हायड्रोजन क्लोराइडमधून क्लोरिनचे दोन्ही समस्थानिक ९९ टक्क्यांहून शुद्ध मिळवले. पाइपाच्या मातीतून याच वायूवर शिकागोत हार्किन्सने १९२० च्या आसपास बरीच मेहनत घेतली होती आणि अणुभारात अगदी थोडा फरक पाडता आला होता. प्रयोगशाळेत थोडासा शुद्ध निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन हवा असेल तर तार-नळीची पद्धत नंतरही बराच काळ वापरात राहिली. उष्णता भरपूर वाया जाते, पण थोड्या मालाला ते परवडतं.

माळरान

हलणारा एकही भाग नाही, हे वाचून उठून उभी राहिले. आभार.

हिमरेषा

उष्णतेचं विसरण निघालंच आहे तर माझ्या अभ्यासातलं सांगते. हेच निसर्गात ग्रीनलँडच्या बर्फात घडलंय, आणि त्यावरून जुनी तापमानं मोजतात.

बर्फाच्या चादरीवरचे सत्तरेक मीटर पक्का बर्फ नसतो, दाबलेलं सच्छिद्र हिम असतं. त्याच्या पोकळ्यांतली हवा वाऱ्याने ढवळली जात नाही, नुसतं विसरण चालतं. दोन गोष्टी होतात. एक, गुरुत्वाकर्षणाने जड नायट्रोजन-१५ तळाशी किंचित साठतो. सत्तर मीटरला आणि तिथल्या थंडीला हिशोब केला तर हजारात ०.३ च्या आसपास. दुसरी गोष्ट तुम्ही सांगितलेली: हवामान एकदम तापलं तर पृष्ठभाग लगेच गरम होतो, पण तळ कितीतरी वर्षं थंडच राहतो. जड रेणू थंड बाजूला, म्हणून तळाच्या हवेत नायट्रोजन-१५ आणखी वाढतो. तिथेच बुडबुडे बंद होतात आणि ती हवा कायमची कोंडली जाते.

साधारण ११,६०० वर्षांपूर्वी शेवटचा कडक थंडीचा काळ संपला, त्या थरातल्या बुडबुड्यांत हा उंचवटा स्पष्ट सापडला. सेव्हरिंगहाउस आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यावरून कळलं की ग्रीनलँड तेव्हा काही दशकांतच ५ ते १० अंशांनी तापलं.

गणिती

पण मग तळाशी वाढलेला नायट्रोजन-१५ गुरुत्वाकर्षणाचा किती आणि तापमानाचा किती, हे वेगळं कसं काढता? हिमाची जाडीही काळाप्रमाणे बदलत असणार.

हिमरेषा

बदलतेच. म्हणून त्याच बुडबुड्यातला आर्गॉनही मोजतात. आर्गॉन-३६ आणि आर्गॉन-४० मध्ये चार एककांचा फरक, नायट्रोजनच्या दोन रेणूंमध्ये एकाचा. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम वस्तुमानाच्या फरकाच्या नेमक्या प्रमाणात असतो, त्यामुळे तो आर्गॉनमध्ये बरोबर चौपट यायला हवा. उष्णतेचा परिणाम त्या प्रमाणात येत नाही, दर एककामागे आर्गॉनला नायट्रोजनपेक्षा कमी येतो. मग आर्गॉनचा आकडा चारने भागून नायट्रोजनच्या आकड्यातून वजा करायचा. गुरुत्वाकर्षणाचा भाग पूर्ण कटतो, आणि जे उरतं ते तापमानाच्या फरकाचं.